नुसतं जवळ

९ जानेवारी

गाडी शिकवणारीस,

प्रिय वगैरे लिहिणार नाही, कारण तू मला प्रिय नाहीस. मी पिट्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याचं नाक पुसण्यापासून ते त्याला तुमच्या शहरातल्या चष्म्याच्या कारखान्यात चिकटवण्यापर्यंत सगळं मी केलंय. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे, हे आधी डोक्यात घाल.

मागच्या आठवड्यात तो तापाने फणफणत घरी आला. चार दिवस गुमान पडून होता. पाचव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताई, मला लग्न करायचंय." म्हटलं, चला, चौतिसाव्या वर्षी का होईना, अक्कल आली. कोण, कुठली, विचारलं. गाडी चालवायला शिकवते म्हणाला. मी त्यावरही काही बोलले नाही, विचार त्याला. मग जमिनीकडे बघत म्हणतो, "तिला एचआयव्ही आहे. तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. वीस एप्रिलची तारीख घेतलीय नोंदणीची." माझ्या हातातलं पातेलं खाली पडून चेपलं.

तुला जगात दुसरा कोणी मिळाला नाही? आईविना वाढलेला, कुणी गोड बोललं की पाघळणारा, असा नेमका हेरलास.

आणि मला काही कळत नाही असं समजू नकोस. मी बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे, त्यातली नऊ वर्षं मुकादम. तुझ्यासारख्यांच्या चादरी आमच्याकडे पिवळ्या पिशवीत येतात, तोंड बांधून. कोपरापर्यंत हातमोजे, रबरी एप्रन, तोंडाला मास्क, आणि ती पिशवी वेगळ्या मशीनला. नुसत्या चादरीला आम्ही एवढे जपतो. आणि तू जिवंत माणसाला गळ्यात घेऊन बसलीस.

आता दोन गोष्टी. पहिली, तू त्याला स्वतःच्या हाताने लिहायचंस की हे संपलं. मला फोन करू नकोस, फोनवर तुम्ही बाया गोड बोलता. लेखी पाहिजे. दुसरी, तुम्ही दोघं कुठपर्यंत गेलात ते कळव. तो म्हणतो, "तसं काही झालं नाही." तसं म्हणजे कसं? लपवाछपवी न करता लिही. माझ्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे.

पिट्याची ताई


१५ जानेवारी

पिट्याच्या बहिणीस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा अंगाचा इतका भडका उडाला की काय वाचलं तेच कळलं नाही. मी अकरा वर्षं लोकांच्या डाव्या बाजूला बसून त्यांना गाडी शिकवते. रोज कोणी ना कोणी मला खांबावर नाहीतर भिंतीवर नेऊन घालायला बघतो, आणि मी शांत आवाजात "ब्रेक" म्हणते. पण तुमच्याशी शांत बोलायचा मला पगार मिळत नाही.

हेरलं म्हणता? ऐका तर मग. मला हा विषाणू माझ्या पहिल्या नवऱ्याकडून आला. त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं, मला नव्हतं. तो मला सोडून गेला आणि त्यानंतर दोन वर्षांनी मला कळलं. तेव्हाच ठरवलं की मला जे केलं ते मी कुणाला करणार नाही. तुमच्या पिट्याला मी तिसऱ्या भेटीत सांगितलं, तोवर हातसुद्धा धरू दिला नव्हता. बारा दिवस गायब होता. मी म्हटलं, गेला, सुंठीवाचून खोकला गेला. तेराव्या दिवशी वही घेऊन हजर. त्यात सव्वीस प्रश्न, आकडे घालून. "चमच्यातून होतो का" हा सातवा होता. मी त्याला माझ्या उपचार केंद्रातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं आणि त्यांनी सव्वीसच्या सव्वीस उत्तरं दिली.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारलाय, तेव्हा नंतर कानांवर हात ठेवू नका. आम्ही मिठ्या मारल्या. चुंबनं घेतली. कपडे काढून एकमेकांजवळ निजलो, अंगाला अंग लागलं. हातांनी एकमेकांना सुख दिलं. संभोग केला नाही. आत काही गेलं नाही, कुठूनही नाही. आठ महिने हे एवढंच.

आणि एवढ्यातून त्याला काही होत नाही. हा विषाणू रक्तात असतो, वीर्यात असतो, बाईच्या आणि पुरुषाच्या आतल्या स्रावांत असतो, अंगावरच्या दुधात असतो. त्याला दुसऱ्याच्या शरीरात शिरायला वाट लागते. म्हणजे आतली नाजूक त्वचा, नाहीतर ताजी उघडी जखम, नाहीतर सुई. धड कातडीतून तो शिरत नाही. थुंकीतून नाही, घामातून नाही, डोळ्यांतल्या पाण्यातून नाही. ओला स्राव थेट नाजूक जागी किंवा वाहत्या जखमेत जाऊ द्यायचा नाही, एवढं सांभाळायचं असतं. ते आम्ही सांभाळलं. तोही सांभाळायचा, माझ्यापेक्षा जास्त.

शिवाय मी सहा वर्षं रोज गोळी घेते, एक दिवस चुकवलेली नाही. पाच वर्षं झाली, माझ्या रक्ताच्या तपासणीत विषाणू मोजता येत नाही इतका कमी आहे. अशा माणसाकडून संभोगातूनसुद्धा लागण होत नाही. हे डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं. तो म्हणाला, "डोक्याला पटलं, पण जिवाला पटायला वेळ दे." म्हणून मी थांबले. मला घाई नव्हती. तुमच्या भावाला मी गळ्यात घेऊन बसले नाही, त्याच्या भीतीला सांभाळून बसले.

हे संपलं असं मी लिहून देणार नाही. त्याला द्यायचं असेल तर तो देईल. त्याला हात आहेत.

गाडी शिकवणारी


२२ जानेवारी

गाडी शिकवणारीस,

शी! पत्र घरात येऊन फोडलं, गेटवर फोडलं नाही, हे माझं नशीब. मी विचारलं खरं, पण थोडी तरी जनाची लाज ठेवावी माणसाने. हे असं कागदावर लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही?

आणि म्हणे धड कातडी! त्याची बोटं बघितलीस कधी? दिवसभर काचेच्या कडा घासायचं काम त्याचं. दहातल्या सहा बोटांना कायम पट्ट्या. आज ही चीर, उद्या ती. तो लहान असताना त्याला कागदाने कापलं तरी मी फुंकर घालत बसायचे, तेव्हा त्याच्या बोटांचं मला शिकवू नकोस. ज्याच्या हाताला रोज नवी वाट पडते त्याला तू सांगतेस हातांनी काही होत नाही. तुमच्या त्या समुपदेशक बाईंनी त्याची बोटं बघितली होती का?

त्याने मला दोन रिपोर्ट दाखवले, दोन्हींत काही नाही असं लिहिलंय. कागदावर काय, काहीही छापतात. मग ताप कसला? चार किलो उतरलाय तो. कॉलर गळ्याभोवती फिरते त्याची.

मी काय करायचं ते केलंय. वरची खोली त्याला दिली. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, बादली वेगळी. जिना, कठडा, दाराची कडी, सगळं ब्लीचने पुसते. त्याचे कपडे पिवळ्या पिशवीत बांधून ठेवते आणि वेगळे उकळते. गुणी आहे पोर, निमूट ऐकतो. तुझ्या नादी लागेपर्यंत सगळं ऐकायचा.

तू लिहून दिलं नाहीस तर त्याला इथून हलू देणार नाही. वीस एप्रिल आला आणि गेला असं होईल, बघशीलच.

पिट्याची ताई


२६ जानेवारी

अगं,

रागावली असशील. फोन का लागत नाही ते आधी सांगतो. ताईने माझा मोबाईल ब्लीचच्या फडक्याने पुसला, पुसला म्हणजे चांगला चिंब केला, आणि तो गेला. दुकानदार म्हणतो, आतून गंजलाय, देव्हाऱ्यात ठेवा. ताईला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं. म्हणून हे पत्र. शेजारच्या शिंप्याच्या हाती टाकायला देतोय.

ताप केव्हाच गेला. इथे गल्लीत सगळ्यांनाच आला होता. पण ताईने कारखान्यातून बिनपगारी रजा घ्यायला लावलीय, आणि रिकामा बसलो की नको ते डोक्यात येतं. सकाळी उठल्यावर आधी आरशात जीभ बघतो. काल पाठीवर एक पुटकुळी होती, ती बघायला दोन आरसे धरून मान लचकवून घेतली. मला माहीत आहे, दीड महिन्याची तपासणी स्वच्छ आली, तीन महिन्यांची स्वच्छ आली. तू काढशील ते सगळे मुद्दे मला पाठ आहेत. पण ताई दिवसातून चार वेळा बोटांचं काढते. सप्टेंबरात त्या रविवारी, ज्यानंतर या तपासण्या केल्या, माझ्या डाव्या हाताच्या बोटाला चीर होती. ती किती ताजी होती तेच आठवत नाही. तुला आठवतं का?

ताई वाईट नाही. तिने माझ्यासाठी काय काय सोडलं ते तुला ठाऊक नाही. ती जिन्यात ताट ठेवते, दोन पायऱ्या मागे सरते आणि मी पहिला घास घेईपर्यंत तिथेच उभी राहते. मला तिचीच दया येते. मला वाटतं, तारीख जरा पुढे ढकलावी. मोडायची नाही. नुसती पुढे.

काचवाला


३ फेब्रुवारी

काचवाल्या,

आठवतं. ती चीर चार दिवसांची होती, वर खपली धरली होती, आणि तरीही तू त्यावर पट्टी आणि पट्टीवर हातमोजा चढवून आला होतास. मी हसले म्हणून रुसलाही होतास. बंद झालेली जखम ही बंद झालेली जखम असते. ताजी आणि वाहती असेल तर तो हात वापरायचा नाही, हे आपण पहिल्या दिवशी ठरवलं होतं आणि एकदाही मोडलं नाही. शिवाय माझ्या रक्तात मोजण्याइतकंही काही सापडत नाही, मग त्या चिरेतून काय जाणार होतं, माझा स्वभाव?

जीभ बघणं बंद कर. जिभेवरून, तापावरून, वजनावरून हे कुणालाच कळत नाही, रक्ताच्या तपासणीवरून कळतं. ती तू दोनदा केलीस. खरं तर एकदाही करायची गरज नाही असं बाई म्हणाल्या होत्या, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून केली. तिसऱ्यांदा केलीस तरी तेच येईल, आणि चौथ्यांदा तू प्रयोगशाळेवर संशय घेशील.

तारीख पुढे ढकलायची नाही. मी एकदा एका पुरुषाची लपवाछपवी सहन केली, आता दुसऱ्याची भीती जन्मभर सहन करणार नाही. वीस एप्रिलला येणार असशील तर ये. नसशील तर तसं स्वच्छ लिही, म्हणजे मला रडून मोकळं होता येईल. मला तू हवा आहेस. हे मी एकदाच लिहितेय, जपून ठेव.

आता पुढचं त्याच्या बहिणीस. कारण हे पाकीट तुम्ही आधी फोडणार, मला ठाऊक आहे, आणि इथपर्यंत वाचून तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील.

तुम्ही त्याचं ताट वेगळं केलंत. काही झालेलं नाही अशा माणसाचं. आणि झालेलं असतं तरी ताटाने, पेल्याने, बादलीने, कपड्याने काही होत नाही. तुम्ही त्याला रोगातून वाचवत नाही आहात, माणसांतून उठवताय. वजन उतरलं म्हणता? जिन्यात ठेवलेलं जेवण कुणाच्या घशाखाली उतरेल?

तुमच्या पिवळ्या पिशवीचंही सांगते. ती कशासाठी असते ते मला माहीत नाही, मी लॉन्ड्रीत काम करत नाही. पण तुम्ही बावीस वर्षं त्याच इमारतीत आहात. वरच्या मजल्यावर डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, तुमच्यासाठी फुकट. एकदा जिना चढून विचारायला काय झालं होतं? मला पत्र लिहून शिव्या घालायला तुम्हाला वेळ आहे, पण तिथे विचारत नाही. का नाही विचारत?

गाडी शिकवणारी


९ मार्च

गाडी शिकवणारीस,

महिन्याने लिहितेय. तुझं ते पत्र मी फोडलं, वाचलं आणि पिट्याला दिलं नाही. आता दिलंय. त्याबद्दल माफी मागणार नाही.

"का नाही विचारत" म्हणालीस ना? ते डोक्यातून जाईना. कामावर चादरी मोजताना तेच, घरी कपडे उकळताना तेच. शेवटी गेले वर. जंतुसंसर्गाचं बघणाऱ्या एक सिस्टर आहेत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांना म्हटलं, सिस्टर, पिवळ्या पिशवीत नेमक्या कुणाच्या चादरी येतात हो? त्या म्हणाल्या, "रक्त किंवा घाण लागलेल्या सगळ्याच. कुणाच्याही. कुणाला काय आहे ते कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं? म्हणून सगळ्यांच्याच चादरींना तेवढं जपायचं." मी म्हटलं, मग ती एचआयव्हीवाल्यांची पिशवी नाही? त्या हसल्याच. "मुकादम, बावीस वर्षं तुम्हाला असं वाटत होतं?" मीही हसले. दोघी हसलो. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी मी हेच शिकवलंय, ही त्या लोकांची पिशवी म्हणून. मला कुणी शिकवलं ते आता आठवतही नाही.

त्यांना पुढचा प्रश्न विचारायचा होता, तो तोंडातून निघाला नाही. विचारला असता तर त्यांना कळलं असतं. इतकी वर्षं न विचारण्याचं कारणही तेच, दुसरं काही नाही. विचारणाऱ्याकडे लोक बघतात.

माझा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. पाणीपुरवठ्यात होते, घरोघरी मीटर वाचायचे. सगळ्यांना सांगितलं कावीळ झाली. पिट्यालाही तेच सांगितलं, तो तेव्हा तुमच्या शहरात नवा नवा होता. कावीळ नव्हती. कुठून आला ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी दुसऱ्या गावी जाऊन माझी तपासणी करून घेतली, दोनदा. मला काही निघालं नाही. घरी येऊन पहिलं काम केलं ते त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं.

औषधाला ते उशिरा गेले, तेही लपून. चौदा महिने होते. जुलाब, ताप, तोंडात फोड. मी सगळं केलं त्यांचं, उगाच कुणी म्हणायला नको. वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या, अंथरूण रोज बदललेलं. दोन दोन हातमोजे घालून. चौदा महिन्यांत माझी उघडी कातडी त्यांना लागली नाही. याचा मला अभिमान होता, लिहायला लाज कसली. वाटायचं, मी शिकलेली आहे, मला माहीत आहे, म्हणून वाचले.

जायच्या दीड महिना आधी एक दिवस संध्याकाळी म्हणाले, "नुसती जवळ नीज. मी भिंतीकडे तोंड करतो. काही करणार नाही." मी दारातूनच म्हटलं, वेडेपणा करू नका. ते "बरं" म्हणाले. पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

तर मला हे विचारायचंय. मी त्या दिवशी जवळ निजले असते तर? अंगाला अंग लागलं असतं, त्यांनी कुशीत घेतलं असतं, तोंडातल्या फोडांसकट गालाला गाल लागला असता, तर मला काय झालं असतं? ते तुझ्यासारखे गोळ्या घेऊन ठणठणीत नव्हते, शेवटी शेवटी अंगात तेच भरलं होतं. ते धरून सांग.

सिस्टर माझ्याकडे बघून बरं वाटेल असं काहीतरी बोलतील. पिट्याला विचारलं तर तो रडेल. तुला माझा राग आहे. तू मला सोडणार नाहीस, म्हणून तुला विचारतेय.

पिट्याची ताई


१७ मार्च

पिट्याच्या ताईंना,

चार दिवस तुमचं पत्र पर्समध्ये घेऊन गाडीत बसतेय. काल एका विद्यार्थ्याने रिव्हर्समध्ये कचऱ्याचा डबा उडवला तरी मला "ब्रेक" म्हणायचं सुचलं नाही.

आधी खरं सांगते, मला खोटं लिहावंसं वाटलं. लिहिलंही होतं. "त्या काळी त्यांच्या अंगात विषाणू खूप होता, तोंडात फोड होते, तेव्हा थोडा धोका होताच, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत." चांगलं पत्र झालं होतं. तुम्हाला झोप लागली असती. मग लक्षात आलं की त्या पत्रानंतर तुम्ही पिट्याचं ताट जिन्यातच ठेवाल, आणि तुमचं चुकत नाही असं मीच लिहून दिलेलं असेल. तेव्हा फाडलं. मी तुमच्यावर उपकार म्हणून खरं लिहीत नाहीये. मला तो हवा आहे, म्हणून लिहितेय. हे मला लपवायचं नाही.

समुपदेशक बाईंनाही विचारून घेतलं, तुमचं नाव गाव न सांगता, कारण माझ्यावर तुम्ही विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही.

काहीही झालं नसतं, ताई.

जवळ निजल्याने नाही, कुशीत घेतल्याने नाही, अंगाला अंग लागल्याने नाही. त्यांच्या अंगात कितीही विषाणू असता तरी नाही. तो धड कातडीतून शिरत नाही, ते गोळ्या घेत असोत की नसोत. तोंडात फोड होते म्हणून ओठांना जपलं असतं, तुमच्या गालावर जखम नसताना गालाला गाल लावायला काही हरकत नव्हती. घाण साफ करताना हातमोजे घातलेत ते योग्यच, ते कुणाचीही घाण काढताना घालायचे असतात. बाकी चौदा महिने तुम्ही त्यांचा हात धरू शकला असता. रोज.

यावर मलम म्हणून लिहायला माझ्याकडे काही नाही. कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं, हे खरं. तुम्ही विचारायला हवं होतं, हेही खरंच. आणि लोकांच्या नजरेची भीती तुम्ही घरात बसून तयार केली नव्हती, ती मलाही रोज भेटते. माझ्या गाडीत शिकणाऱ्यांपैकी एकालाही माझं ठाऊक नाही. कळलं तर उद्या बाजूची सीट रिकामी होईल.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण हे पत्र लिहिताना रडले, तेही लिहिते.

तुम्ही मला विचारलंत, आता मी विचारते. त्याला पाठवता का?

गाडी शिकवणारी


२८ मार्च

गाडी शिकवणारीस,

पत्र पोचलं. खोटं लिहिलं असतंस तर मी ते मानलं असतं आणि वर तुला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. आता कुणाला देऊ? पाच दिवस कामावर गेले नाही. पिट्याला सगळं सांगितलं, त्याच्या भाऊजींचं. तो रडेल वाटलं होतं, तर रडला नाही. म्हणाला, "ताई, मला जेवायला खाली बोलाव." तेव्हापासून खाली जेवतो. माझ्याच ताटातलं उचलतो, मुद्दाम, माझ्याकडे बघत बघत. पहिल्या दिवशी माझा घास घशात अडकला. आता गिळता येतो.

तू मला आवडत नाहीस. तुझी जीभ लांब आहे आणि तुला त्याची घमेंड आहे. तारीख वीस एप्रिलच, म्हणतो तो. लग्नाला मी येणार नाही, मला आग्रह करू नकोस, केलास तरी येईनच असं नाही. त्याला पट्टी चिकटवताना बोट आधी कोरडं करून दे, तो ओल्यावरच चिकटवतो आणि मग ती सुटते. गोळी तू वेळेवर घे. चुकवलीस तर माझ्याशी गाठ आहे.

त्याला काल सकाळच्या गाडीने पाठवायचं होतं. डबा दिला, बॅग दिली, स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली. म्हटलं, जाता जाता एकदा जवळ घ्यावं, जानेवारीपासून हात लावला नव्हता पोराला. घेतलं. तो म्हणाला, "ताई, बस कर, लोक बघतायत." थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, कंडक्टरने घंटी मारली." माझ्याने सोडवेना. गाडी निघून गेली.

परवाच्या गाडीने येईल.

ताई